साबणानं धुतलेला भोपळा

आमच्या घरात भांडं परत करण्याचे दोन नियम आहेत. शेजारचं भांडं रिकामं परत जायचं नाही आणि लख्ख घासल्याशिवाय परत जायचं नाही. कुणी वाटीभर आमटी दिली तर आई ती वाटी आधी राखेनं घासते, मग साबणानं, मग नुसत्या पाण्यानं विसळून उन्हात पालथी घालते, आणि तिच्यात निदान मूठभर शेंगदाणे घालूनच ती धाडते. तिची स्वतःची भांडीही अशीच गावभर फिरून घरी येतात. प्रत्येक स्टीलच्या डब्यावर तिनं भांडीवाल्याकडून आपलं नाव कोरून घेतलंय. कुठला डबा सध्या कुणाच्या घरी आहे, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी ती बिनचूक सांगेल.

हे घरचं पुराण आधी लावलं, कारण केनियातल्या माझ्या वर्षभराच्या मुक्कामात मी जी एकमेव मोठी चूक केली ती याच दोन नियमांच्या जोरावर केली. आळसानं केली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं. मी ती अगदी मन लावून, घासून-पुसून केली होती.

आमचं गाव हुपरीच्या अलीकडं. गावातली निम्मी घरं चांदीच्या कामात, आमचं घर म्हशींत. दूध, साय, ताक, लोणी यातच वाढले आणि शिकायला गेले तेव्हाही दुधाचाच विषय घेतला. आंबवलेल्या दुधातले जिवाणू हा माझा पीएचडीचा विषय. त्यासाठी पश्चिम केनियातल्या एका विद्यापीठात वर्षभर राहून काम करायची संधी मिळाली तेव्हा गावात माझी भरपूर चेष्टा झाली. दही बघायला आफ्रिकेत कशाला जातीस, आमच्या शिंक्यावर बघ की, असं जो तो म्हणायचा. आईनं मात्र काही न बोलता बॅगेत एक डबा ठेवला. मधल्या आकाराचा, घट्ट झाकणाचा, अर्थातच नाव कोरलेला. दही लावायला होईल आणि येताना घेऊन ये, एवढंच म्हणाली. त्यानंतर वर्षभर तिच्या प्रत्येक फोनचा शेवट त्या डब्याच्या चौकशीनं झाला.

मी जिथं काम करत होते त्या डोंगराळ भागात मुर्सिक करतात. लांब मानेचा भोपळा वाळवून, आतून कोरून त्याचं भांडं केलेलं असतं. एका झुडपाची काडी पेटवायची आणि तिचा निखारा भोपळ्याच्या आत घासायचा, म्हणजे आतली बाजू कोळशानं काळी होते. मग तापवून निवलेलं गाईचं दूध त्यात भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि काही दिवस ठेवून द्यायचं. उघडल्यावर आत दाट, आंबट, जरा राखाडी झाक असलेलं आणि धुराच्या वासाचं दही तयार असतं. तेच मुर्सिक. ते झुडूप आपल्या तरवडाच्या भावकीतलं आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि मी ते फोनवर आईला इतक्या उत्साहानं सांगितलं की तिला वाटलं मला नोकरीच लागली.

माझं काम सोपं होतं आणि मला ते फार आवडायचं. घरोघरी जायचं, त्या घरची रीत विचारून लिहून घ्यायची, छोट्या बाटलीत नमुना घ्यायचा आणि शहरातल्या लॅबमध्ये नेऊन आत कोणकोणते जिवाणू आहेत ते बघायचं. माझ्याबरोबर दुभाषी म्हणून एक निवृत्त शिक्षक असायचे. मी त्यांना गुरुजीच म्हणायची. त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर ते इतके खूश झाले की घरी बायकोलाही त्यांनी तसंच म्हणायला सांगितलं, आणि तिनं अर्थातच म्हटलं नाही.

चांगलं मुर्सिक कुणाचं, असं विचारलं की गावातला प्रत्येक माणूस आधी स्वतःच्या घराचं नाव घ्यायचा आणि मग टेकडीकडं बोट करायचा. टेकडीवर एक बाई राहत होत्या. वय साठीच्या पुढं, उंच, सडपातळ, बोलणं कमी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला ओसरीवर बसवून मगभर मुर्सिक दिलं. मी पहिला घोट घेतला आणि मगात बघतच राहिले. मी जन्मभर दही खाल्लंय, पण असं काही कधीच खाल्लं नव्हतं. माझं तोंड बघून त्यांनी आत जाऊन अख्खा भोपळाच आणून माझ्या हातात दिला. घेऊन जा, पोटभर पी, भोपळा नंतर आणून दे, असं गुरुजींकरवी सांगितलं.

दोन दिवसांनी मी तो भोपळा परत करायला निघाले. आता आमच्या घरची मुलगी परक्या बाईचं भांडं कसं परत करेल? मी तो भोपळा गरम पाण्यात भिजवला, भांडी घासायच्या साबणानं आतून-बाहेरून तीनदा घासला, लिंबू चोळलं, ब्रशनं आतला सगळा काळा थर खरवडून काढला, दिवसभर उन्हात ठेवला आणि त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले. इतका स्वच्छ भोपळा त्या डोंगरात दुसरा नसेल. मी मोठ्या ऐटीत तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी लाडू काढून घेतले, भोपळ्याच्या तोंडाशी नाक नेलं आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग आभार मानून आत गेल्या.

पुढच्या खेपेला मी त्यांची रीत लिहून घ्यायला गेले तर त्या म्हणाल्या, आज दूध नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही आज दूध नाही. आवाजात राग नव्हता, दारही आपटलं नाही, पण उंबरा काही मला ओलांडता आला नाही. शेवटी मी गुरुजींच्या मागे लागले तेव्हा त्यांनी मान खाली घालून सांगितलं. भोपळा धुतात, पण फक्त गरम पाण्यानं. साबणाचा वास भोपळ्यात मुरला की जन्मात जात नाही. तो भोपळा त्यांना त्यांच्या आईनं लग्नात दिलेला. शिवाय तेव्हा त्यांची गाय आटत आली होती, त्यामुळं घरात तो एकच भोपळा चालू होता, बाकीचे कोरडे. त्या भोपळ्याच्या तळाशी राहायचं त्यावरच त्या पुढचं दूध लावायच्या. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांचं विरजणच मी घासून टाकलं होतं. गाय व्याल्यावर त्यांनी जावेकडून विरजण आणून पुन्हा सुरुवात केली, पण ती चव परत आली नाही.

ऐकून मला रडूच फुटलं. मी विरजणावर पीएचडी करणारी बाई, आणि गावातलं सगळ्यात चांगलं विरजण मीच मारलं. मी माफी मागायला गेले. त्यांनी ती घेतली, माझ्या खांद्यावर हातही ठेवला, आणि म्हणाल्या, आज दूध नाही.

असे दहा महिने गेले. बाकीच्या घरांचं काम झकास झालं. मला तिथली थोडीफार भाषा यायला लागली, मोटरसायकलवर मागं बसून डोंगर उतरताना ओरडायचं सोडून दिलं. बघता बघता परतीचं तिकीट अकरा दिवसांवर आलं. मला घरी जायची इतकी घाई झाली होती की मी बॅगा दोन आठवडे आधीच भरायला काढल्या होत्या, आणि त्याच वेळी वहीही सारखी उघडून बघत होते, कारण तिच्यात टेकडीवरच्या घराचं पान कोरंच होतं. माझ्या गाईडना मी फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, पहिल्या दिवशी घेतलेला नमुना फ्रीझरमध्ये आहे ना, मग झालं, एका घराची रीत राहिली तर प्रबंधाला काही होत नाही. प्रबंधाला होत नसेल. मला होत होतं. त्या बाईचं नुकसान तसंच ठेवून विमानात बसायचं माझ्या जिवावर आलं होतं.

फ्रीझर म्हटल्यावर मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या नमुन्यात त्यांचं विरजण जिवंतच होतं की. सकाळची पहिली बस पकडून मी शहरातल्या लॅबमध्ये गेले. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी शांतपणे सांगितलं की तो नमुना प्रयोगासाठी औषधं घालून गोठवलेला आहे, तो कुणाच्या पोटात जायचा नाही. बरोबरच होतं त्यांचं. मला स्वतःलाही हे माहीत होतं, फक्त त्या दिवशी माहीत असायला नको होतं.

त्याच दुपारी परत आल्यावर आईचा व्हिडिओ कॉल आला. मी बॅग भरत होते. तिनं नेहमीप्रमाणे सामानाची उलटतपासणी घेतली आणि शेवटी डब्यावर आली. डबा ओट्यावरच होता, मी तो तिला दाखवला. पण माझा चेहरा बघून तिनं विचारलं काय झालं, आणि दहा महिने लाजेनं पोटात ठेवलेली भोपळ्याची गोष्ट मी तिला एका दमात सांगून टाकली.

आईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "साबण लावलीस? इरजणाच्या भांड्याला?"

"तूच शिकवलंस की," मी म्हटलं.

"मी तुला ताटं-वाट्या घासाय शिकवलंय. इरजणाचं गाडगं कोण साबणानं घासतं व्हय? एवढी शिकलीस आणि एवढं कळलं न्हाय?"

तिनं आणखी थोडं झापलं. तिचा पारा उतरेपर्यंत मी साड्यांच्या घड्या घालत राहिले. मग तिनं अगदी सहज, दुसरंच काही विचारावं तसं विचारलं, "आणि तू रोज दही खातीस ते?"

"ते आपलं डब्यात लावते."

"ते कळलं. त्याचं इरजण कुठनं आणलीस?"

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. मी बॅगेवरच बसले.

आमच्याकडं कुठलंही दही संपवताना दोन चमचे बाजूला काढले जातात. हात आपोआप काढतात, डोक्याला विचारत नाहीत. टेकडीवरच्या बाईंनी दिलेला तो पहिला भोपळा पिऊन संपवताना मीही दोन चमचे काढून आईच्या डब्यात टाकले होते आणि वर दूध घातलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यातले दोन चमचे ठेवून पुन्हा दूध. असं रोज, दहा महिने. मध्ये लॅबच्या कामासाठी आठवडाभर शहरात राहिले तेव्हाही दही मोडू नये म्हणून डबा बसमधून मांडीवर घेऊन गेले होते. फ्रीझरमध्ये शोधत होते ते विरजण रोज सकाळी मी साखर घालून खात होते.

मी आईला म्हटलं, "आई, त्यांचंच हाय ते."

"मग बसलीस काय? जा घीऊन," आई म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदाच ती डबा परत आण म्हणायला विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा ओढणीत गुंडाळून मोटरसायकलवर मागं बसले, माझ्या पुढं गुरुजी, त्यांच्या पुढं चालवणारा. रस्ता सगळा लाल मातीचा आणि खड्ड्यांचा. मी इतकी आनंदात होते की प्रत्येक खड्ड्याला हसत होते आणि प्रत्येक खड्ड्याला डबा सावरत होते. गुरुजींना मी वाटेत सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या आईला आमच्या गावात जमीन द्यायला हवी.

टेकडीवरच्या बाई दारातच होत्या. मला बघताच त्यांनी तोंड उघडलं, आणि ते वाक्य आता मला त्यांच्या भाषेत पाठ झालं होतं, म्हणून त्यांच्या आधी मीच म्हणून टाकलं, आज दूध नाही. त्यांना जरा हसू आलं. गुरुजींनी सांगितलं, ही आज मागायला आली नाही, द्यायला आली आहे.

मी झाकण उघडून डबा पुढं केला. त्यांनी वास घेतला. करंगळी बुडवून जिभेला लावली. मग डबा घेऊन त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आम्ही अंगणात उभे. कोंबड्या पायात येत होत्या. गुरुजींनी आभाळाकडं बघून पावसाचा अंदाज सांगितला, थोड्या वेळानं तो बदलून सांगितला. माझ्या मनात नको ते सगळं येऊन गेलं. दहा महिने स्टीलच्या डब्यात, दुसऱ्या गाईच्या दुधावर राहिलेलं ते, त्यात माझ्या खोलीतलं काय काय मिसळलं असेल कुणास ठाऊक. जिवाणू कसे बदलतात यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्यातली एकेक ओळ आता मला आठवायला लागली.

दार उघडलं. बाईंच्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्या हातात नवा कोरा भोपळा. त्या सरळ माझ्याशी बोलल्या. मला निम्मं कळलं, निम्मं गुरुजींनी सांगितलं.

"हे माझंच आहे. माझ्या आईच्या घरचं. पण धूर विसरलंय. चल, आठवण करून देऊ."

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि मी पडले. त्यांनी ते दोन मिनिटं सहन केलं. मग मला चुलीपाशी बसवलं, फोन आणि वही गुरुजींकडं द्यायला लावली आणि काम माझ्याच हातानं करून घेतलं. भोपळा गरम पाण्यानं विसळायचा, ताडाच्या काडीच्या ब्रशनं आतून घासायचा, निथळून कोरडा होऊ द्यायचा. त्या झुडपाची काडी चुलीत घालून तिचं टोक लाल करायचं आणि भोपळ्यात घालून फिरवायचं. माझी पहिली काडी आतच विझली, दुसरीनं बोट भाजलं. तिसऱ्या काडीला त्यांनी माझा हात आपल्या हातात धरला आणि भोपळा कानाशी नेऊन ऐकायला सांगितलं. निखारा आत घासला जातो तेव्हा कोरड्या पानावर चालल्यासारखा आवाज येतो. तो आवाज थांबला की पुरे. हे मला वर्षभरात एकाही घरात कुणी सांगितलं नव्हतं. वही हातात नसल्यामुळं मी ते मनातल्या मनात घोकत बसले.

मग निवलेलं दूध, आणि वर डब्यातलं दही. सगळं नाही. थोडं त्यांनी डब्यातच ठेवलं. भोपळ्याचं झाकण लावून तो आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. तिथंच भिंतीला माझा तो साबणानं धुतलेला भोपळा टांगलेला होता. त्यात त्यांनी घेवड्याचं बी भरून ठेवलं होतं. मी त्याच्याकडं बघत राहिले तशा त्या म्हणाल्या, कीड लागत नाही त्याला, साबणाचा तेवढा एक फायदा आहे. सगळेच हसलो. निघताना डब्यावर काय लिहिलंय असं त्यांनी विचारलं. माझ्या आईचं नाव, असं सांगितल्यावर त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. डबा परत मागायला माझी जीभ काही उचलली नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. कागदपत्रं, सह्या, लॅबची कपाटं रिकामी करणं, निरोपाची जेवणं, आणि या सगळ्यात मी दर तासाला मनातल्या मनात टेकडीवरच्या कोपऱ्यात जाऊन भोपळा हलवून बघत होते. वहीतलं कोरं पान आता दोन्ही बाजूंनी भरलं होतं. गाईडना मी निखाऱ्याच्या आवाजाचं सांगितलं तेव्हा तेही खुर्चीत सरसावून बसल्याचं फोनवर कळलं. एक घर राहिलं तर काही होत नाही, हे वाक्य त्यांनी पुन्हा काढलं नाही.

विमानाच्या आदल्या दिवशी आम्ही परत गेलो. बाईंनी भोपळा आणून माझ्यासमोर ठेवला आणि मलाच उघडायला लावला. झाकण निघालं आणि तो वास आला. ओसरीवरचा पहिल्या दिवसाचा वास. त्यांनी आधी स्वतः घोट घेतला, डोळे बारीक केले, आणि मग मान हलवली. गुरुजींनी मग तोंडाला लावला तो रिकामा केल्यावरच खाली ठेवला.

तो भोपळा तुझ्या आईला, असं त्या म्हणाल्या. मी हात जोडून सांगितलं की रिकामा भोपळा दाखवून नेता येईल, पण दूध विमानातून नेता यायचं नाही, तसा कायदा आहे. आता पंचाईत झाली. रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवणं त्यांच्यातही बसत नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि माझ्यासमोर मग ठेवला. म्हणजे सगळं मी तिथंच प्यायचं, भोपळ्याऐवजी भरून जायची ती मीच. मी गुरुजींकडं आशेनं बघितलं तर ते म्हणाले, कायदा तुमचा आहे, तुम्हीच पाळा. मी चार मग प्याले. परतीच्या वाटेवर मोटरसायकल प्रत्येक खड्ड्यात गेली आणि यावेळी मला अजिबात हसू आलं नाही.

विमानतळावर मी भोपळा आधीच जाहीर केला. अधिकाऱ्यानं आत बोट घातलं, ते काळंभोर निघालं, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला मुर्सिकची सगळी रीत सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यानं घाईनं मला जायला सांगितलं. मुंबईहून कोल्हापूर, स्टँडवरून हुपरीची एसटी, आणि भोपळा मांडीवर. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काय पावणं, वीणा वाजवता काय?" वर्षभरानं तो आवाज, तो शब्द कानावर पडला आणि मला इतकं बरं वाटलं की मी व्हय म्हणून टाकलं. मग ते थेट गावापर्यंत मला भजन म्हणायचा आग्रह करत होते.

दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला जवळ घेतलं आणि विचारलं, "डबा?"

मी भोपळा तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती. विरजण जमलं हे ऐकून तिनं डोळ्याला पदर लावला. पण तिची नजर भोपळ्याच्या आत होती, आणि बोट काळं झालं होतं.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या स्वयंपाकघरात भोपळा आणि आई यांचं काही जमलं नाही. आई तो फळीवर ठेवायची, पुन्हा काढायची, वास घ्यायची, नाक मुरडायची. जळका वास येतोय म्हणाली. त्यावर फडकं घातलं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारायला लागल्या तसं तिला आणखीच ओशाळं व्हायला लागलं, कारण आमच्या फळीवर काळं भांडं कुणी कधी बघितलं नव्हतं. दोनदा मी तिला भोपळा घेऊन मोरीकडं जाताना पकडलं. दुसऱ्यांदा तर साबण हातात होता. नुसतं वरनं पुसणार होते, असं तिनं सांगितलं, आणि तिचं खोटं बोलणं तिला स्वतःलाही पटलं नाही.

रविवारी सकाळी गुरुजींचा व्हिडिओ कॉल आला. ते टेकडीवर गेले होते. पडद्यावर बाई दिसल्या, हसत होत्या. त्यांना माझ्या आईला भेटायचं होतं. मी फोन आईपुढं धरला. दोघींनी एकमेकींना हात जोडले. मग बाईंनी काहीतरी दाखवायचं म्हणून हात वर केला. हातात आईचा डबा होता. बाहेरून चकचकीत, कोरलेलं नाव स्वच्छ दिसेल असं पुसलेलं. त्यांनी झाकण काढलं आणि डबा आडवा करून आतली बाजू फोनपुढं धरली.

डबा आतून काळाकुट्ट होता. तळापासून काठापर्यंत, कोळशानं नीट घासलेला, कुठं एक चकाकता ठिपका म्हणून राहिला नव्हता. बाई मोठ्या अभिमानानं दाखवत होत्या. मी दहा महिन्यांपूर्वी त्यांच्या दारात ज्या ऐटीत उभी होते, अगदी तशाच.

मी आईकडं बघितलं. तिची लख्ख भांडी, तिचं कोरलेलं नाव, तिची राख, तिचा साबण, सगळं मला एकदम आठवलं. आई पडद्याकडं बघत होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, जवळ नेला, पुन्हा बघितलं.

"घासून ठिवलाय बाई तिनं," ती हळू म्हणाली. "तिच्या रीतीनं घासून ठिवलाय."

तिकडून गुरुजींनी विचारलं, बाई विचारतायत, भोपळ्यात काय लावलं? आठ दिवस फडक्याखाली रिकामा पडलेला भोपळा आमच्या मागं फळीवर होता. आईनं मान न वळवता मला सांगितलं, "सांग त्यास्नी, आज लावतो म्हणून." आमच्याकडं बायकाही घरात करतो, जातो असंच बोलतात. गुरुजींना मी ते नीट सांगितलं, आणि बाईंनी तिकडं मान हलवली.

फोन बंद झाल्यावर आई उठली. मोरीच्या कडेचा साबण तिनं उचलून खिडकीच्या वरच्या फळीवर, माझाही हात पोचणार नाही असा ठेवला. भोपळ्यावरचं फडकं काढलं. म्हशीचं दूध तापायला ठेवलं. मग मला म्हणाली, "तरवड माळावर हाय बघ, वढ्याच्या अंगाला. चांगली वाळकी काडी घीऊन ये. आणि तो आवाज कसा येतो म्हणालीस, ते मला दाखव."